सत्तेत नसलेला आमदार नेमकं काय करू शकतो? मृणालताई गोरे यांच्या कारकिर्दीतून समजून घेऊ

नळाला पाणी पहाटे तीनला येणार असेल, तर रांग रात्री अकरालाच लागते. त्या रांगेत माणसं उभी नसतात, भांडी असतात. कुणाचा चेपलेला हंडा, कुणाचा पत्र्याचा डबा, कुणाची नुसती वीट. विटेलाही नंबर असतो आणि तो सगळे मानतात. पाणी सुरू झालं की पहिली कळशी धार धरते आणि मागच्या बाईचं सगळं लक्ष त्या धारेच्या जाडीकडे लागतं, कारण धार बारीक होत चालली म्हणजे आपला नंबर येईपर्यंत नळ जाणार. ज्यांनी ही रांग बघितली आहे, त्यांना मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ का म्हणत, हे सांगावं लागत नाही.

ते नाव लोकांनी दिलेलं आणि प्रेमाचं. पण ते इतकं घट्ट चिकटलं की त्यांच्या कामाची दुसरी बाजू त्याखाली झाकली गेली. मृणालताई दोनदा आमदार होत्या, १९७२ ते १९७७ आणि नंतर १९८५ ते १९९०. दोन्ही वेळा विरोधी बाकावर. राज्यात त्या मंत्री कधीच झाल्या नाहीत. तरीही वस्त्यांतले नळ, सहा हजारांवर घरं आणि एक महत्त्वाचा कायदा यांच्या इतिहासात त्यांचं नाव येतं. सत्ता हातात नसताना हे कसं साधलं? ते समजून घ्यायचं तर विधिमंडळाचं कामकाज थोडं समजून घ्यावं लागतं. मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं तेच वाटतं.

गोरेगाव, ग्रामपंचायतीपासून

मृणाल मोहिले यांचा जन्म २४ जून १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी राष्ट्र सेवा दलात गेली आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत उतरली. १९४८ मध्ये चळवळीतलेच केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड केलं. आज गोरेगाव म्हणजे मुंबईच. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिच्या सदस्य होत्या. त्या काळात गावातल्या बायकांमध्ये त्यांनी कुटुंबनियोजनाचं कामही सुरू केलं. हा विषय घरात नवऱ्यासमोरही निघत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि गोरेगाव शहरात आलं. कागदावर आलं. पाण्याची मुख्य वाहिनी, गटारं, रस्ते हे सगळं मागाहून, सावकाश येणार होतं. पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. त्यांच्या नावाने केशव गोरे स्मारक उभं राहिलं आणि ते मृणालताईंच्या पुढच्या कामाचं घर बनलं. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागा नव्हत्या, वॉर्डात पुरुष उमेदवारांशी सरळ लढून यावं लागे.

पाण्याचा प्रश्न पाइपचा असतो असं आपल्याला वाटतं. नगरसेवक झाल्यावर मृणालताईंना भिडला तो कागदाचा प्रश्न. नळजोडणी मिळते अधिकृत बांधकामाला. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही. शिवाय तिथे नळ दिला तर वस्ती अधिकृत ठरेल ही भीती. म्हणजे तहान लागलेल्या माणसाकडे आधी जागेचा पुरावा मागायचा. अशा वेळी एकेका घराचा अर्ज घेऊन खेटे घालण्यात अर्थ नसतो, कारण नियमानेच प्रत्येक अर्ज फेटाळला जातो. म्हणून सगळ्या वस्तीने एकदम जायचं, रिकामे हंडे घेऊन. हंडा मोर्चा फोटोत छान दिसतो म्हणून निघालेला नव्हता. ‘ही एका घराची मागणी नाही, नियमच बदला’ हे सांगायची ती पद्धत होती. मोर्च्याच्या पुढे त्या असत आणि मोर्चा संपल्यावर अधिकाऱ्याच्या टेबलापाशीही त्याच असत, कुठल्या वाहिनीवरून किती इंचाची जोडणी देता येईल ते विचारत. हा दुसरा भाग नेहमी सांगायचा राहून जातो.

विरोधी बाकावरची हत्यारं

१९७२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २७० जागांपैकी २२२ काँग्रेसने जिंकल्या. समाजवादी पक्षाचे आमदार एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यात मृणालताई. मतदान घेऊन सरकारचा एखादा निर्णय अडवायची सुतराम शक्यता नाही. मग सभागृहात बसून करायचं काय?

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. आमदाराच्या हातात ना खातं असतं, ना अधिकाऱ्याला आदेश द्यायचा अधिकार. त्याच्याकडे असतो प्रश्न विचारायचा हक्क, आणि सरकारवर असते उत्तर द्यायची सक्ती. हा हक्क किती टोकदार करायचा, ते ज्याच्या त्याच्या अभ्यासावर.

पहिलं हत्यार तारांकित प्रश्न. आमदार लेखी प्रश्न पाठवतो, त्याचे तीन-चार भाग असतात आणि मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात त्याला तोंडी उत्तर देतो. छापील उत्तराची भाषा ठरलेली. (१) हे अंशतः खरे आहे. (२) चौकशी सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. वाचलं की वाटतं, संपला विषय. पण खरा खेळ तिथून सुरू होतो, कारण तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात. ‘अंशतः’ म्हणजे कोणता अंश? चौकशी कोण करतंय? अहवाल कधी येणार? वस्तीत स्वतः जाऊन आलेला आमदार उपप्रश्न विचारू लागला की मंत्र्याला छापील कागदाच्या बाहेर यावं लागतं, आणि सभागृहात जे आश्वासन दिलं जातं ते नोंदीत राहतं. ती आश्वासनं पुरी झाली की नाही हे पाहायला विधिमंडळाची वेगळी समिती असते. एखाद्या वस्तीला ‘तीन महिन्यांत पाणी देऊ’ हे वाक्य मंत्र्याच्या तोंडून सभागृहात वदवून घेणं म्हणजे निम्मी लढाई.

दुसरं हत्यार लक्षवेधी सूचना. प्रश्न मागच्या घटनेवर असतो, लक्षवेधी तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर. आमदार सूचना देतो, अध्यक्षांनी ती स्वीकारली की मंत्र्याला त्यावर निवेदन करावं लागतं. दलितांवरचे अत्याचार, शेतमजुरांची पिळवणूक, स्त्रियांवरचे अन्याय हे विषय मृणालताई सभागृहात लावून धरत राहिल्या. गोरेगावच्या आमदाराने खेड्यातल्या शेतमजुराबद्दल का बोलावं, असं कुणाला वाटेल. पण आमदार निवडून येतो एका मतदारसंघातून आणि बसतो सगळ्या राज्याच्या सभागृहात. हा फरक त्यांनी नीट ओळखला होता.

या हत्यारांना धार येते ती बाहेरून. १९७२ च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल, धान्य सगळंच कडाडलं. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी, समाजवादी मृणालताई आणि प्रमिलाताई दंडवते. एरवी एकमेकींच्या पक्षांवर कडाडून टीका करणाऱ्या या बायका लाटणं हातात घेऊन एका रांगेत चालल्या. लाटणं मोर्च्याचं राजकीय महत्त्व असं की, जिने कधी झेंडा हातात धरला नव्हता ती घरातली बाईही त्यात आली. लाटणं तिचं स्वतःचं होतं. त्यासाठी कुठल्या पक्षाच्या कचेरीत जावं लागत नव्हतं. बाहेर हजारो बायका, आत त्याच विषयावर आमदाराचा प्रश्न, आणि दोन्हीकडे बाई तीच. मंत्र्याला ही दुहेरी पकड सोडवणं अवघड जाई.

तुरुंग, दिल्ली आणि परत

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि मृणालताई भूमिगत झाल्या. डिसेंबरमध्ये पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांच्या कोठडीशेजारी शेवटच्या अवस्थेतली कुष्ठरोगी स्त्री होती आणि समोरच्या कोठडीत मानसिक आजाराने रात्रंदिवस ओरडणारी दुसरी. एका निवडून आलेल्या आमदाराला असं ठेवलं गेलं. आणि त्या दोघी आजारी स्त्रियांना दवाखान्याऐवजी तुरुंगात ठेवलं होतं, हेही मला तितकंच अस्वस्थ करतं.

१९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाची. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात आरोग्य खातं घ्याल का, अशी विचारणा झाली आणि त्यांनी नकार दिला. यावर दोन मतं होऊ शकतात. अर्धवट सोडलेल्या वैद्यकीय शिक्षणामागची कळकळ त्या खात्यात कामी आली असती, असं मलाही वाटून जातं. पण ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांच्यातच राहायचं, हा त्यांचा हिशेब होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. जनता सरकार लवकरच कोसळलं. पुढे गोरेगावात केशव गोरे स्मारकात अडचणीतल्या स्त्रियांना सल्ला आणि आधार देणारं ‘स्वाधार’ सुरू झालं. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या.

खासगी विधेयक हरतं, तरी कायदा होतो

या दुसऱ्या पाच वर्षांतलं काम मला सर्वात मोठं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

विधेयक मांडायचा अधिकार फक्त सरकारचा नाही. कोणताही आमदार अशासकीय, म्हणजेच खासगी, विधेयक मांडू शकतो. ते मंजूर होणं मात्र दुर्मीळ. संसदेत आजवर अशी अवघी १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. मग मांडायचंच कशाला? कारण ते मांडलं की विषय सभागृहाच्या पटलावर येतो, सरकारला बाजू घ्यावी लागते. आणि ‘या विषयावर आम्ही स्वतःच विधेयक आणू’ असं सरकारने म्हटलं, तर खासगी विधेयकाचं काम झालं.

विषय होता गर्भजल परीक्षेचा. गर्भाभोवतीचं थोडं पाणी सुईने काढून तपासायचं, म्हणजे बाळाला काही आनुवंशिक आजार आहे का ते कळतं. याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळतं. एक चांगलं वैद्यकीय तंत्र मुली गर्भातच नाहीशा करायला वापरलं जाऊ लागलं. त्या सुमारास मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यातले ४२ जण लिंग सांगण्यासाठी ही परीक्षा करत होते. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, कार्यकर्ते यांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि सभागृहात मृणालताईंनी विधेयक मांडलं.

यातली कायद्याची गुंतागुंत नीट समजून घ्यायला हवी. सरळ उपाय दिसतो तो म्हणजे गर्भपातावर बंदी. पण १९७१ च्या कायद्याने स्त्रीला सुरक्षित गर्भपाताची वाट मिळाली होती. ती बंद केली तर बायका पुन्हा आडमार्गाने जाऊन जीव गमावणार. चाचणीवरच बंदी घातली तर खऱ्या आजाराचं निदान अडणार. म्हणून कायद्याने बोट ठेवलं ते मधल्या जागेवर. चाचणी ठरावीक वैद्यकीय कारणासाठीच, ती नोंदणी झालेल्या केंद्रातच, आणि लिंग सांगणं हा गुन्हा. गर्भपाताच्या हक्काला हात लावायचा नाही, माहितीच्या गैरवापराला लावायचा.

१९८८ मध्ये राज्य सरकारने स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. १९९४ मध्ये संसदेने त्याच वाटेने देशभराचा कायदा केला. तोवर सोनोग्राफी गावोगाव पोचली होती, म्हणून २००३ मध्ये तो आणखी कडक करावा लागला.

कायदा झाला म्हणून मुली वाचल्या, असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. कायद्याने यंत्राला नोंदवही लावली, पण ती नोंदवही रोज तपासणारा माणूस जागा असावा लागतो.

याच काळात, १९८८-८९ मध्ये, मृणालताई विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. मंत्र्याच्या दर्जाचं हे पद त्यांच्याआधी १९७९-८० मध्ये प्रतिभाताई पाटील यांनी सांभाळलं होतं. त्यानंतर विधानसभेत ते कुठल्याही स्त्रीकडे गेलेलं नाही. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जणांच्या सभागृहात २१ स्त्रिया निवडून आल्या.

कायद्यात होती ती जमीन

घरांची गोष्ट पाण्याच्या उलटी. पाण्याच्या बाबतीत नियम गरिबाच्या विरोधात होता. जमिनीच्या बाबतीत कायदा गरिबाच्या बाजूचा होता, फक्त अंमल होत नव्हता.

१९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा म्हणायचा की मुंबईसारख्या शहरात एका माणसाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल, तर वरची जमीन सरकारने घ्यावी. मोबदला चौरस मीटरला फार तर १० रुपये, आणि एकूण दोन लाखांवर नाही. हेतू स्पष्ट होता, ही जमीन कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी जावी. पण त्याच कायद्यात कलम २० होतं. सार्वजनिक हितासाठी किंवा मालकाची फार अडचण होत असेल तर सरकार सूट देऊ शकतं. त्या सुटीच्या दारातून जमिनी निसटत राहिल्या.

मृणालताई, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापन केली ती हे दार अडवायला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्हाला फुकट घर नको, नवीन कायदाही नको. कायद्याने जी जमीन गरिबांसाठी ठरवली आहे ती द्या, घरं आम्ही सहकारी संस्था करून आमच्या पैशांनी बांधतो. बोलायला सोपं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं मोर्चे, मंत्रालयातल्या फायली, कोर्टकचेऱ्या आणि सभासदांचा धीर सुटू न देणं. छोट्या पगारातून हप्ता भरणारा माणूस दर महिन्याला विचारतो, ताई, घर होणार ना? त्याला तोंड देणं सभागृहातल्या भाषणापेक्षा अवघड असणार.

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. २००७ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणा कायदाच रद्द केला. ती घरं मात्र आहेत, त्या वस्तीला लोक ‘नागरी निवारा’ म्हणूनच ओळखतात.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईत गेल्या. वय ८४.

त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. महापालिकेने अशा वस्त्यांना पाणी देण्याचं धोरण आखावं. घराचा कागद वेगळा आणि नळ वेगळा, असं न्यायालयाने म्हटलं. गोरेगावच्या बायका रिकामे हंडे घेऊन पालिकेच्या दारात जाऊन हेच म्हणत होत्या.